पालिका किती लांब असावी?

ठाणे जिल्ह्यात मानपाडे दोन. एक ठाणे शहरात, घोडबंदर रस्त्याला लागून, येऊरच्या डोंगराच्या बाजूला. दुसरं डोंबिवलीत, स्टेशनातून निघालेला मानपाडा रस्ता जिथे कल्याण-शीळ रस्त्याला मिळतो तिकडचं. दोन्ही भातशेतीची गावं होती. आता दोन्हीकडे टॉवर आहेत आणि मेट्रोची कामं आहेत. वडाळा-कासारवडवली मार्गावर एक मानपाडा स्थानक, कल्याण-तळोजा मार्गावर दुसरं.

ठाण्याचं मानपाडं महापालिकेत गेलं ते तिथेच राहिलं. १ ऑक्टोबर १९८२ला ठाणे महापालिका झाली आणि आज माजिवडा-मानपाडा हे तिच्या एका प्रभाग समितीचं नाव आहे. डोंबिवलीकडची गोष्ट इतकी सरळ नाही. १ ऑक्टोबर १९८३ला कल्याणची महापालिका झाली, तेव्हा डोंबिवलीबरोबर अंबरनाथ, बदलापूर आणि आजूबाजूची गावंही तिच्यात घातली. १९९२मध्ये अंबरनाथ आणि बदलापूर बाहेर पडून त्यांच्या स्वतंत्र नगरपालिका झाल्या. २००२मध्ये २७ गावं बाहेर काढली, तिथे पुन्हा ग्रामपंचायती आल्या. १ जून २०१५ला तीच २७ गावं परत महापालिकेत. जून २०२०मध्ये त्यांतली १८ गावं काढून कल्याण उपनगर नगरपरिषद करण्याची अधिसूचना निघाली आणि डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. घरपट्टीच्या पावतीवरचं नाव इतक्या वेळा बदलताना पाहिलेल्या माणसांना पालिका म्हणजे काय, हे विचारण्यासारखं आहे.

पुढचा संवाद मी रचला आहे. मामा डोंबिवलीकडचे, जुन्या ग्रामपंचायतीत सदस्य राहिलेले. भाची लग्नानंतर ठाण्याच्या मानपाड्यात गेलेली, पाणीपुरवठ्याच्या कामातली सिव्हिल इंजिनिअर. दोघं कल्पित आहेत, पण त्यांच्यासारखं बोलणारी माणसं दोन्ही मानपाड्यांत घरोघरी भेटतील.

मामा: आम्हाला आमची नगरपालिका पाहिजे. वेगळी. हे मी २०१५ला म्हणत होतो, आजही म्हणतो. पंचायत होती तेव्हा दाखला हवा असला की चालत जायचं. ग्रामसेवक जेवायला गेला असला तरी त्याचं घर माहीत असायचं.

भाची: दाखले आता ऑनलाइन मिळतात, मामा.

मामा: मिळतात गं. पण दाखल्यावर नाव चुकलं, तर ते दुरुस्त करायला माणूस लागतो. आणि त्या माणसाला मी माहीत असावा लागतो.

भाची: आणि ज्याला तो माणूस ओळखत नाही, त्याचं काय? तुझ्याच आळीत चाळी उभ्या आहेत. तिथे खोली भाड्याने घेऊन राहणारी बाई ग्रामसेवकाच्या घरी कशी जाईल? तुला जवळची वाटते ती पंचायत तिला कल्याणपेक्षा लांब आहे.

मामा: ती आली असती तर तिचंही काम केलं असतं.

भाची: केलं असतंस. पण तुझी मर्जी म्हणून. महापालिकेच्या खिडकीवर तिला टोकन मिळतं आणि तिचा नंबर येतो. त्या टोकनाची किंमत तुला कळत नाही, कारण तुला टोकन कधी लागलंच नाही.

मामांकडे याला लगेच उत्तर नाही, आणि नसणं रास्त आहे. ४ नोव्हेंबर १९४८ला घटना समितीत बोलताना डॉ. आंबेडकरांनी गावाच्या गोडव्यांवर जो आघात केला, त्यामागे हाच अनुभव होता. जवळचं शासन आपोआप न्यायाचं होत नाही. छोट्या गावात कोण कुणाच्या विरोधात उभा राहिला हे दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळतं आणि मग गटार कुणाच्या दारासमोर पहिलं होतं तेही कळतं. स्वतंत्र नगरपालिकेची मागणी करणाऱ्यांनी हा प्रश्न टाळू नये, असं मला मनापासून वाटतं.

पण भाचीची बाजूही एवढ्याने पुरी होत नाही.

भाची: २३ मे २०२४ आठव. डोंबिवलीच्या एमआयडीसीत रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, माणसं गेली. सोनारपाड्यापर्यंत काचा फुटल्या. त्याआधी मे २०१६मध्येही असाच स्फोट झालेला. २०२४ला आजूबाजूच्या शहरांतून बंब मागवावे लागले. तुझ्या उद्याच्या नगरपालिकेकडे फोमचे बंब किती असतील? प्रशिक्षित जवान किती?

मामा: ते मागवलेच ना? मग माझ्याही नगरपालिकेने मागवले असते. बंब मागवायला मोठी पालिका लागत नाही, शेजारी लागतात.

भाची: शेजाऱ्याकडे तरी असायला हवेत ना! सगळ्यांनीच छोटं व्हायचं ठरवलं तर मागवणार कुठून? आमच्या महापालिकेचं कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय बघ. त्याला जोडून राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहे, १९९२पासून. महापालिका डॉक्टर घडवते. कुठली नगरपरिषद हे करणार?

मामा: त्याच रुग्णालयात ऑगस्ट २०२३मध्ये चोवीस तासांत १८ पेशंट दगावले. तेही सांग.

भाची: सांगते. तिथे फक्त ठाण्याचे पेशंट येत नाहीत, जिल्हाभरातून येतात. वाटेतल्या गावांत आणि छोट्या शहरांत पुरेसा दवाखाना नाही म्हणून येतात. तू मोठ्या पालिकेचं अपयश म्हणून दाखवतोस त्याचा अर्धा भार छोट्यांनी न केलेल्या कामाचा आहे.

मामा: आणि उरलेला अर्धा?

भाची: तो आमचा. तो मी नाकारत नाही.

पाण्याचं म्हणाल तर दोघांचीही मतं अडखळतात. २७ गावांना पाणी येतं ते मुख्यतः एमआयडीसीकडून, म्हणजे बारवी धरणाचं. महापालिका ते वाटते. केंद्राच्या अमृत योजनेतून या गावांसाठी टाक्या आणि वाहिन्यांची कामं निघाली, ती लांबत गेली. मामा म्हणतात, महापालिका लांब म्हणून कामं लांबली. भाची विचारते, १९९२ला सुटलेल्या अंबरनाथ-बदलापूरला स्वतःची नगरपालिका आहे, तिथे पाणी कोण देतं? महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. म्हणजे पालिका छोटी झाली तरी नळाची चावी राज्याच्याच हातात. धरण, मोठी वाहिनी, मलनिस्सारण केंद्र हा पसारा गावाच्या किंवा छोट्या शहराच्या आवाक्यातला नाही, हे मान्य करायला हरकत नसावी. वाद खरा आहे तो शेवटच्या दोनशे मीटरचा, म्हणजे वाहिनीपासून घरापर्यंतचा.

मामा: कराडजवळचं मलकापूर माहीत आहे? छोटं गाव. मीटर लावले, जास्त वापरेल त्याला जास्त दर लावला आणि चोवीस तास पाणी दिलं. डोंबिवलीत कुठे आहे चोवीस तास? आणि वेंगुर्ल्याचं बघ. वस्ती बारा हजारांच्या आसपास. कचरा घरातच वेगळा करून घेतला, प्लास्टिक वेगळं काढून रस्त्याच्या डांबरात घातलं, डंपिंगच्या जागेवर बाग केली. लोक सहलीला तो कचऱ्याचा प्रकल्प बघायला जातात.

भाची: आणि वेंगुर्ल्याचे ते मुख्याधिकारी नंतर कुठे आले?

मामा: कुठे?

भाची: तुझ्याकडे. रामदास कोकरे. कल्याण-डोंबिवली महापालिकेत घनकचऱ्याचे उपायुक्त म्हणून. २५ मे २०२०ला शून्य कचरा मोहीम सुरू केली, रस्त्यावरच्या कचराकुंड्या काढायला घेतल्या आणि वर्षभरात, मे २०२१मध्ये, कल्याणच्या आधारवाडीचं डंपिंग बंद झालं. ज्या कचऱ्यापायी २०१५मध्ये उच्च न्यायालयाने इथल्या नव्या बांधकामांच्या परवानग्या रोखल्या होत्या, तोच कचरा. म्हणजे बारा हजारांच्या गावातली पद्धत बारा लाखांच्या शहरात चालली. आकार आडवा आला नाही.

मामा: पद्धत आली कुठून? छोट्या गावातून. तिथे करून बघता आली, कारण सगळी घरं एका माणसाला फिरून बघता येत होती. पहिल्यांदाच कल्याणमध्ये करायला घेतली असती तर फायलीत बसली असती.

मला वाटतं, या एका मुद्द्यावर मामा पूर्ण बरोबर आहेत. छोटी पालिका ही प्रयोगाची जागा असते. चूक झाली तर ती दिसते, कुणी केली तेही दिसतं, आणि पुढच्या महिन्यात सुधारता येते. महाराष्ट्रात नगरपरिषदा आणि नगरपंचायतींचं एवढं मोठं जाळं आहे. त्यांत रोज काय चांगलं घडतं याची नोंद महानगरांच्या दालनांत ठेवली जात नाही, याची खंत वाटते.

आता अशा गोष्टीकडे वळतो, जिच्याकडे या वादात कुणी बघतच नाही. नगरपरिषदांचा १९६५चा अधिनियम आणि महानगरपालिकांचा १९४९चा अधिनियम, दोन्ही पालिकेच्या कामांचे दोन भाग करतात. एक बंधनकारक कामं: पाणी, झाडलोट, दिवाबत्ती, गटारं, जन्म-मृत्यूची नोंद. दुसरी पालिकेच्या मर्जीची: वाचनालय, बाग, मैदान, रंगमंदिर. पैसा आखडला की दुसऱ्या यादीवर पहिली कात्री चालते, आणि कुणी कोर्टात जात नाही, कारण कायद्याने सक्तीच नाही. पण माणसाला पालिका आपली वाटते ती याच दुसऱ्या यादीमुळे. गटार वाहतं तोवर कुणाला पालिका आठवत नाही. मैदानावर पोरं खेळतात तेव्हा ती रोज आठवते.

मामा: आमच्या गावांत कबड्डी कशी होती तुला माहीत आहे. शेत कापलं की पट्टे आखायचे. आता शेत नाही. मैदानाचं आरक्षण नकाशात असतं, जागेवर इमारत असते.

भाची: त्यातल्या किती इमारती २००२ ते २०१५मध्ये उभ्या राहिल्या, ग्रामपंचायत असताना? हे बोलायला जड जातं मला, माझंही माहेर आहे ते. पण घरनंबर देऊन घरपट्टी लावायची आणि ती पावती दाखवून खोल्या विकायच्या, हे गावातल्याच माणसांनी केलं.

मामा: केलं. पण बांधकामाची परवानगी पंचायतीकडे नव्हतीच तेव्हा. २००६पासून नियोजन एमएमआरडीएकडे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. बांद्र्याच्या ऑफिसातून हेदुटण्याची इमारत दिसते का? आमच्या हातात अधिकार नव्हता आणि त्यांच्या हातात डोळे नव्हते. बांधणाऱ्याने दोघांच्या मधून रस्ता काढला. पुढे महापालिका आली तर खोट्या परवानग्यांच्या ६५ इमारती पाडायचा हुकूम उच्च न्यायालयाला २०२४मध्ये द्यावा लागला. त्यांत राहणाऱ्यांनी काय करायचं? मोठी पालिका असून थांबलं का?

इथे भाची गप्प बसत नाही. ती वेगळ्याच बाजूने बोलायला लागते, आणि माझ्या मते या संवादातलं सर्वांत महत्त्वाचं ती इथे बोलते.

भाची: थांबलं नाही. आणि तुला वाटतं तशी माझी पालिका माझ्या जवळ आहे असंही नाही. महापालिकेचं घाणेकर नाट्यगृह माझ्या घरापासून जवळ आहे, खरं आहे. मोठी वास्तू आहे, चांगली नाटकं येतात, मी जाते. पण आमच्या कॉम्प्लेक्समध्ये बागही आमची, व्यायामशाळाही आमची, गणपतीही आमचा. पाणी कमी पडलं की टँकर आम्ही बोलावतो. ओल्या कचऱ्याचं खत आम्ही करतो, कारण मोठ्या सोसायट्यांनी ते करायचं असा नियम आहे. महापालिका फाटकापर्यंत येते. आतल्या माणसाला तिची गरज वाटत नाही, म्हणून तो मतदानालाही उतरत नाही. आणि डोंगराच्या बाजूला जुने पाडे आहेत, त्यांना तिची रोज गरज आहे. त्यांचा आणि आमचा प्रभाग एकच. पण आम्ही एका खोलीत बसून पाण्यावर कधी बोललेलो नाही.

मामा: ग्रामसभेत बसलो असतो. कायद्याने वर्षाला चार तरी घ्याव्या लागतात. भांडणं होतात, खुर्च्या उडतात, पण समोरासमोर होतं. सरपंचाला उभा करून विचारता येतं. आता कुणाला विचारू? नोव्हेंबर २०२०मध्ये महापालिकेची मुदत संपली, त्यानंतर पाच वर्षं प्रशासक. जानेवारी २०२६मध्ये निवडणूक झाली तर बहुतेक प्रभागांत चार-चार नगरसेवक. दिवा बंद पडला तर चारांपैकी कुणाला फोन करायचा? चौघंही म्हणणार, दुसऱ्याचं काम.

भाची: बदलापूरला पण २०२० ते २०२५च्या डिसेंबरपर्यंत प्रशासकच होता. छोटी पालिका असून. त्यातून आकाराने वाचवलं नाही.

मामा: मान्य. पण तिथे आता नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडलेला आहे. एक नाव आहे. माझ्याकडे महापौर आहेत, त्यांना मी निवडलेलं नाही.

भाची: आणि पैसा? नगरपालिकांची जकात १९९९लाच गेली. महापालिकांची पुढे एलबीटीच्या, म्हणजे स्थानिक संस्था कराच्या वाटेने गेली, आता जीएसटीची भरपाई राज्याकडून येते. तुझी वेगळी नगरपालिका झाली तर घरपट्टी आणि सरकारी अनुदान यांवर चालणार.

मामा: कल्याण-शीळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जी मोठमोठी गृहसंकुलं उभी आहेत ती कुठे आहेत? आमच्या गावांत. त्यांची घरपट्टी आमच्याच नगरपालिकेत आली असती. तो पैसा आता कल्याणच्या तिजोरीत जातो आणि आम्हाला सांगतात की तुमच्यावर खर्च जास्त होतो.

हा हिशेब मामांनी सोडू नये. २७ गावांतून महापालिकेला दरवर्षी किती मिळालं आणि त्यांच्यावर किती खर्च झाला, हे प्रभागवार छापून लावायला कुठलाही कायदा बदलावा लागत नाही. ते होत नाही तोवर एका बाजूला अन्याय झाल्याची भावना राहणार आणि दुसऱ्या बाजूला उपकार केल्याची. पुण्यात २००६पासून नागरिकांना आपल्या प्रभागातली कामं अर्थसंकल्पासाठी सुचवता येतात. त्याआधी १९८९मध्ये ब्राझीलच्या पोर्तू अलेग्री शहराने लोकांना सभांमध्ये बसवून पैसा कुठे घालायचा ते ठरवायला सुरुवात केली होती. दोन्ही मोठी शहरं आहेत. पुण्याच्या पद्धतीत त्रुटी आहेत, सुचवलेलं सगळं होत नाही. तरी पदपथ हवा की बाकडी, असा प्रश्न माणसाला निदान विचारला जातो.

भाची: क्षेत्रसभा ऐकलीस कधी?

मामा: ती काय?

भाची: शहरातली ग्रामसभा. २००९मध्ये आपल्याच राज्याने कायद्यात घातली. काही मतदान केंद्रं मिळून एक क्षेत्र, त्यातले सगळे मतदार सभेचे सदस्य. कामांची यादी करायची, क्रम लावायचा, कुठे दिवे नाहीत, कुठे नळ नाहीत ते सांगायचं. कायद्यात आहे. माझ्या मानपाड्यात भरलेली मी पाहिलेली नाही, तुझ्याही नाही.

मामा: कायदा असून?

भाची: केंद्राच्या योजनेचा पैसा मिळायला जो कायदा करावा लागला तो केला. सभा भरवा म्हणून मागे कुणी लागलं नाही. तू लागला नाहीस, तू वेगळी नगरपालिका मागत होतास. मी लागले नाही, मला गरज वाटली नाही.

मला या दोघांमध्ये बसवलं तर मी आज भाचीच्या क्षेत्रसभेच्या बाजूने सही करीन, आणि मामांना त्यांची मागणी सोडायला सांगणार नाही. धरण, रुग्णालय, अग्निशमन आणि बस यांना मोठा खांदा लागतो. मैदान, वाचनालय, पाळणाघर आणि बायकांचे शिवणवर्ग यांना लागते हाकेच्या अंतरावरची सभा. महिला आणि बालकल्याणासाठी अर्थसंकल्पातले पाच टक्के ठेवायचे असतात. त्यांतून शिलाई यंत्रं वाटली जातात. पण यंत्र हवं होतं की लहान मुलं ठेवायला जागा हवी होती, हे वाटण्याआधी त्या बायकांना विचारायला हवं. कल्याणमध्ये बसून ते विचारता येत नाही. आणि फक्त गावकीच्या पुरुषांना विचारलं तर चुकीचं उत्तर येईल.

भाची: आपण अर्ज लिहू. दोन्हीकडून. तुझा तुमच्या आयुक्तांना, माझा ठाण्याच्या. क्षेत्रसभा बोलवा म्हणून. पहिला विषय मैदान घाल. आरक्षण कुठे होतं, आता तिथे काय आहे.

मामा: चाळीतल्या त्या बाईला बोलवायचं?

भाची: मतदार यादीत नाव असेल तर ती सदस्यच आहे, बोलवावं लागत नाही. नाव नसेल तर आधी ते घालायला मदत कर. वेळ संध्याकाळी उशिरा ठेव. दुपारी ठेवलीस तर ती कामावर असेल आणि येतील ते तुझ्याच वयाचे.

मामा: आणि जमा-खर्चाचं? ते पहिलं पाहिजे. मैदान दुसरं.

भाची: घाल पहिलं.

मामा: शेवटी एक ओळ माझी. आमची नगरपालिकेची मागणी कायम आहे.

भाची: त्या अर्जात ती नको, मामा. तेवढी एक ओळ वाचून ते सगळा अर्ज बाजूला ठेवतील.

मामा: मग मी दोन अर्ज देतो.